चारशे किलोमीटरचा ट्रेक

चार किलोमीटर चालण्यासाठी चारशे किलोमीटर बसून राहणे, याला मुंबईत ट्रेकिंग म्हणतात. दिवाळीचा फराळ संपत आला की या खेळाचा मोसम सुरू होतो. एरवी पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट पाहणारी माणसं एकाएकी कातळ, कपारी, घळी असं बोलू लागतात. आणि घळींमध्ये सध्या मान आहे तो सांदण दरीचा.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून गेलं की साम्रद गाव लागतं. या गावाच्या शिवारात जमीन चिरली आहे. चिरेची लांबी साधारण २ किलोमीटर, खोली २०० ते ४०० फूट, आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. तळाशी ऊन उतरतं ते क्वचितच. एका अंगाला रतनगड, पलीकडे आजोबाचा डोंगर, मागे अलंग-मदन-कुलंगचे किल्ले. हा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या सगळ्याच्या भेटीसाठी आपण एक रविवार काढलेला असतो. तोही अख्खा नाही, कारण सोमवारी नऊला मीटिंग असते.

जायचं कसं, याची चर्चा फार चालत नाही. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते, स्टेशनबाहेर जीपवाले उभे असतात, हे कुणीतरी जुनाजाणता सांगून पाहतो. पण पहाटेची लोकल, मग जीप, मग परतीची लोकल, एवढी दगदग कोण करणार? आपण ट्रेकला चाललोय. तेव्हा खासगी टॅक्सी ठरते.

टॅक्सी ठरवणं हा या मोहिमेतला सर्वांत अवघड टप्पा. निसर्गाची ओढ किती आहे, हे इथं कळतं. ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, ‘एर्टिगा की क्रिस्टा?’ सहाजणांना एर्टिगा पुरेल, असं खजिनदार म्हणतात. मागच्या सीटवर कोण बसणार, असं बाकीचे विचारतात. ज्यांना घाटात गाडी लागते ते खिडकी मागतात, ज्यांचे गुडघे दुखतात ते पुढची सीट मागतात. गुडघे दुखणारा माणूस घरंगळलेल्या शिळांवरून दरीत कसा उतरणार, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारत नाही. तो दरीचा प्रश्न आहे.

मग दरपत्रक येतं. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरले जातील, प्रत्यक्षात कमी झाले तरी. त्यापुढे प्रत्येक किलोमीटरचा वेगळा दर. मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. टोल आणि पार्किंग वेगळं. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. रात्री दहानंतर नाइट चार्ज. घाटात एसी बंद. कॅरिअरवर सामान टाकायचं तर आधी सांगा, कारण सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकीच बसलेली असते. हे वाचून सहाजणांपैकी पाचजणांच्या अंगात एकदम वकील संचारतो. गॅरेज आमच्या घरापासून इतकं लांब का आहे? दहा वाजता आम्ही मुलुंडला पोहोचलेले असू, तर नाइट चार्ज कशाचा? भत्ता रोख न देता जेवण दिलं तर चालेल का? घासाघीस दोन दिवस चालते आणि शेवटी दोनशे रुपये कमी होतात. त्या आनंदात दोन हजारांचे ट्रेकिंगचे बूट मागवले जातात.

कधी कधी कुणाच्या तरी ओळखीत पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते. भाड्यानं प्रवासी न्यायचे तर गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून वाटेत कुणी अडवलंच तर काय सांगायचं, याची उजळणी आदल्या रात्री होते. ड्रायव्हर हा मामेभाऊ आहे. नाव विचारलं तर? तिथं उजळणी थांबते, कारण मामेभावाचं नाव कुणालाच माहीत नसतं.

खरं तर पाटी कुठलीही असो, अख्ख्या दिवसात ड्रायव्हरला नावानं कुणी हाक मारतच नाही. बुकिंग करताना तो ‘ड्रायव्हर’ असतो. पहाटे चारला फाटकाशी येऊन उभा राहिला की ‘आलीये गाडी’ एवढाच त्याचा उल्लेख होतो. आपल्याला उतरायला सव्वापाच वाजतात, तेव्हा तो ‘दादा’ होतो: ‘दादा, जरा दामटा, वेळ भरून काढा.’ पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला ८० च्या वर जाऊ न देणारं यंत्र बसवलेलं असतं, हे दादा सांगतो. मग समृद्धी महामार्गाचा उपयोग काय, असा सवाल मागच्या सीटवरून येतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाटातली घुसमट चुकवण्याची सोय झाली, तीही आपल्याच माणसांनी टोल भरून. आता टोल भरून ८० नं जायचं, म्हणजे ताजमहाल हॉटेलात जाऊन पोहे खाण्यासारखं. ही उपमा मागच्या सीटवर फार गाजते. तेवढ्यात इगतपुरी येतं आणि सगळ्यांना खरोखरच पोहे आठवतात.

घोटी, शेंडी, मग धरणाच्या काठाकाठानं खड्डे मोजत साम्रद. पोहोचायला दहा वाजतात. वाटेत मिसळ, चहा, पुन्हा चहा आणि उलटी यांसाठी गाडी थांबलेली असते, पण उशिराचं खापर ‘रस्ता चुकला बहुतेक यानं’ या वाक्यावर फुटतं. उतरताना त्याला सांगितलं जातं, ‘दीड तासात येतो.’ हे वाक्य साम्रदच्या गाडीतळावर इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की तिथल्या कोंबड्यांचाही त्यावर विश्वास उरलेला नाही.

दरी आपलं काम चोख करते. तोंडाशीच पाणी आडवं येतं, पुढच्या डोहात ते कमरेपर्यंत चढतं, पावसाळा नुकताच सरलेला असेल तर छातीपर्यंत. पावसात तर इथं पाऊल टाकायचं नसतं, कारण तेव्हा ती दरी उरत नाही, पाण्याची वाट होते. डोहापलीकडे शिळांचा पसारा सुरू होतो. कोंडलेला गारवा, वर आभाळाची बारीक फीत, बोललं की भिंतींतून परत येणारा आवाज. इथं माणूस गप्प होईल, असं वाटतं. तो फोटो काढतो, मग फोटोत अंधार आला म्हणून पुन्हा काढतो. साम्रदचा वाटाड्या बाजूला उभा राहतो. त्याच्या हवाई चपला ओल्या कातळावर जागच्या जागी ठरतात आणि दोन हजारांचे बूट त्याचा हात धरून पलीकडे जातात.

दरी जिथं एकदम तुटते आणि पुढं दोराशिवाय जाता येत नाही, तिथून एकदिवसीय मंडळी मागं फिरतात. पण अधूनमधून एखाद्या ग्रुपमध्ये खरा शूर निघतो. तो म्हणतो, दोर लावून थेट खाली उतरू. वाटाडे आणि दोरवाले हे काम रीतसर करवून घेतात. दिवसभर उतरल्यावर माणूस थेट कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला निघतो. आणि गाडी? गाडी देशावर, साम्रदला, ड्रायव्हरच्या हवाली उभी. आता त्यानं शेंडी, घोटी, कसारा, शहापूर, डोळखांब असा उलटा फेरा मारून डेहण्याला यायचं. गावात मोबाइलची रेंज धड नाही, दरीत तर नाहीच. वाट कळवायची कशी? आणि या फेऱ्याचे जादा किलोमीटर कुणाच्या खात्यावर? शूर म्हणतो, ‘उतरलो आम्ही आमच्या पायांनी. त्याचे पैसे कसे काय लागतात?’

आता तो थांबणारा माणूस. पहाटे चारला फाटकाशी यायचं तर तो अडीचला उठलेला असतो. आदल्या रात्री विमानतळाची फेरी मारून किती वाजता झोपला, हे विचारायची पद्धत नाही. सरकारनं मात्र विचार केला होता. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाचा सगळा पसारा बारा तासांच्या आत, असं लिहून ठेवलं. फक्त तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्या टॅक्सीवाल्याच्या मालकाकडे दोन गाड्या असतात. त्यामुळे तिथला ड्रायव्हर कायद्याच्या लेखी कधी दमलाच नाही. त्याच कायद्यात थांब्यावरची नुसती हजेरी १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर ती कामात धरावी, असंही होतं. साम्रदला तो आठ तास थांबतो. हे थांबणं काम म्हणायचं की विश्रांती, यावर ग्रुपचा निकाल स्पष्ट आहे: ‘झोपलाच होता की गाडीत.’ उन्हात तापलेल्या, एसी बंद ठेवलेल्या गाडीत, काचा खाली करून, आपल्या सहा बॅगा सांभाळत झोपला होता. मौज म्हणजे या दरीपाशी तो दर शनिवारी-रविवारी येतो. तोंडापर्यंतसुद्धा गेलेला नाही. गाडी सोडून जायचं नाही, अशी मालकाची ताकीद असते.

संध्याकाळी सहाला आपण परत फिरतो. दमलेलो असतो, ओले असतो, धन्य असतो. धरण मागं पडेपर्यंत ‘निसर्गापुढे माणूस किती छोटा’ यावर बोलणं होतं आणि घोटीच्या अलीकडेच सहाही माना कलतात. मध्येच एखादी मान वर होऊन म्हणते, ‘काका, झोप नाही ना येत? गाणी लावा हवं तर.’ दिवसभराचा दादा अंधार पडला की काका होतो. गाडीत आता झोपेची गरज सातजणांना आहे, परवानगी सहाजणांना. दरीत दोर धरणारा माणूस आपण अनुभव विचारून, हेल्मेट तपासून, गाठ दोनदा ओढून पाहून निवडलेला असतो. रात्रीच्या घाटात स्टीअरिंग धरणारा निवडलेला असतो दोनशे रुपये कमी झाले म्हणून.

यावर उपाय नाही असं नाही. साम्रदला घरगुती जेवण मिळतं, राहायची सोय होते, कुणी तंबू लावून देतं. शनिवारी दुपारी निघावं, रात्री गावात गरम भाकरी खावी, ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा द्यावी, सकाळी कोवळ्या उन्हात दरीत उतरावं आणि दिवसाउजेडी घाट पार करावा. त्यालाही एकदा पहिल्या डोहापर्यंत नेऊन आणावं, तेवढा वेळ बॅगा कुणाच्याही ओसरीवर राहतील. दुसऱ्या दिवसाचं भाडं वाढेल आणि वर त्याचा मुक्कामाचा भत्ता. भत्ता सहाजणांत वाटला तर माणशी दोन वडापावांच्या वर जात नाही.

असा एक ठराव मोसमाच्या अखेरीस एका ग्रुपवर मांडला गेला. खजिनदारांनी भत्त्याला हरकत घेतली, बाकीच्यांनी अंगठे दाखवले आणि ठराव एकमतानं फेटाळला गेला. एकमत होणं सोपं होतं. ड्रायव्हर त्या ग्रुपवर नव्हता.