किल्ली कोणाकडे?

एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं की शेजारी सुटकेचा श्वास टाकतात. दार नुसतं ओढून घेतलेलं असतं. आत ओट्यावर दूध, कपाटात पासबुक आणि पलंगाखाली भेदरलेलं मांजर. रुग्णालय वय विचारतं, विमा विचारतं, आगाऊ रक्कम विचारतं. घरी मागे कोण राहिलं, ते विचारत नाही. भिंतीवर पाटी मात्र ठळक असते, 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी रुग्णालयाची नाही.' मग ती कोणाची?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. २०१४ च्या केअर ॲक्टचं ४७ वं कलम सांगतं, की माणूस रुग्णालयात किंवा सरकारी व्यवस्थेतून निवासी देखभालीत गेला, त्याच्या चीजवस्तूंचं नुकसान होण्याचा धोका असला आणि दुसरी कसलीच सोय झालेली नसली, तर ते टाळण्यासाठी वाजवी ती पावलं स्थानिक प्रशासनाने उचलायची. त्या चीजवस्तूंत कुत्री-मांजरंही धरली जातात. घरात शिरायला त्या माणसाची संमती लागते. त्याला निर्णय घेणं शक्य नसेल आणि त्याच्या वतीने बोलणारंही कोणी नसेल, तर त्याचं हित पाहून प्रशासन पाऊल उचलतं. ही जबाबदारी तिथे १९४८ च्या कायद्यापासून चालत आली आहे.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याच्या २२ व्या कलमात ज्येष्ठांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी राज्याने कृती आराखडा ठरवावा, असं म्हटलंय. पण मालमत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फ्लॅट येतो आणि तो बळकावणारा मुलगा येतो. फ्लॅटच्या आत जे आहे, त्याचं काय? प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा. वाजवी कारणाशिवाय जनावराला उपाशीतापाशी टाकून जाणं हा त्यात गुन्हा. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये! मालकीणबाई अतिदक्षता विभागात असतील, तर त्यांच्याकडे वाजवी कारण आहेच. म्हणजे दोषी कोणीच नाही आणि मांजर उपाशी.

'माझ्या कुत्र्याला कोण बघेल?' म्हणून दाखल व्हायचं टाळणारी वयस्कर माणसं असतात. त्यांना हट्टी म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आधी त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. जो जीव दिवसभर सोबतीला असतो, त्याला कोंडून कोण सुखाने सलाईन लावून घेईल?

माणूस घरात संशयास्पद रीतीने गेला, की पोलीस पंचनामा करतात. तो जिवंत असताना दोन शेजाऱ्यांसमोर साधी यादी का होऊ नये? सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांच्याकडे हे काम रीतसर सोपवा, त्यासाठी माणसं द्या. केसपेपरवर चार ओळी वाढवा: किल्ली कोणाकडे, गॅस बंद केला का, घरी जनावर आहे का, त्याला खायला कोण घालणार. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्रही लिहून घ्या. वॉर्ड बदलताना याच वस्तू हरवतात आणि त्यांच्यावाचून माणसाला धड बोलता येत नाही, ऐकू येत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तिकडे इंग्लंडमध्ये वाजवी खर्च त्या माणसाकडूनच वसूल करायची मुभा प्रशासनाला आहे. इथेही तशी तरतूद करा. बरी होऊन घरी आलेली बाई मांजराच्या दुधाचे पैसे आधी चुकते करील.