रेषेला जाडी नसते

"हळद किती पोती बसंल?"

आमचा ट्रेलर पाहून हिंगोलीत ज्यानं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला. त्यांचं काही चुकलं नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेला हा जिल्हा. हंगामात बाजार समितीबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, आणि दोन चाकांवर जे काही चालतं ते इथं पोत्यांतच मोजलं जातं. यात हळद नाही, आम्ही झोपणार आहोत, असं सांगितल्यावर शेजारचे काका जरा थांबले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "कामून? घर गळायलंय का?"

घर गळत नव्हतं. मी निवृत्त झालो होतो, एवढंच. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून झाल्यावर माणसाच्या हातात एक कंपासपेटी आणि खूप वेळ उरतो. त्यात कुठंतरी वाचलं, की अमेरिकेत 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' नावाच्या मासिकानं १९४७ सालीच घरच्या घरी झोपायचा ट्रेलर कसा बांधावा याचे नकाशे छापले होते. पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, मोटारीमागे जोडायचा. तिकडे असले पुष्कळ ट्रेलर चारच फूट रुंद असतात, कारण प्लायवूडचा ताव आठ बाय चारचा. म्हणजे तिथं नवरा-बायकोमधलं अंतर सुताराच्या दुकानात ठरतं.

"सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय," मी घरात जाहीर केलं.

"त्यात पलंग केवढा लिहिलाय?" हिनं विचारलं.

धोरणात नसलेला मुद्दा तिनं पहिल्या मिनिटात पकडला, आणि पुढचे तीन महिने आमच्या घरात दुसरं बोलणं झालं नाही.

घरचा पलंग सहा बाय सहाचा. एवढ्यावर दोघं ऐसपैस झोपतात, म्हणजे ती झोपते आणि मी कडेला असतो. तो पलंग ट्रेलरमध्ये टाकला तर चहा करायला बाहेर शेतात उभं राहावं लागेल. चार फुटी गादीवर दोघं मावतात, पण एकानं कूस बदलली की दुसऱ्यालाही बदलावी लागते. गुडघे दुमडून कुशीवर झोपणारा माणूस एकटाच अडीच फूट अडवतो, हे मी स्वतः टेप लावून मोजलं. पहाटे चार वाजता मोजलं म्हणून ही दिवसभर बोलली नाही.

मग मी गच्चीवर खडूनं ट्रेलरचा आराखडा काढला, खऱ्या मापाचा. उंबरठा, पलंग, ओटा, सगळं. रात्री आम्ही दोघं त्या चौकटीत सतरंजी टाकून झोपून पाहिलं. हे नाटक फार उपयोगी असतं, ट्रेलर बांधणाऱ्या कुणालाही मी सांगेन. कागदावर चार फूट पुष्कळ वाटतात, फरशीवर लगेच खरे होतात. फक्त सकाळी लवकर उठून खडू पुसावा. आम्ही सात वाजेपर्यंत झोपलो, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनी खडूच्या रेघांत निपचित पडलेली दोन माणसं पाहिली. पंचनाम्यात असंच असतं. त्यांनी बादली सोडून दिली.

रुंदी किती ठेवायची यावर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. आमची जीप पावणेसहा फूट रुंद. मागचा ट्रेलर तिच्याहून फार रुंद झाला तर आरशात रस्त्याऐवजी ट्रेलरच दिसत राहतो. शिवाय आजोबांच्या काळात छकड्याची रुंदी गावचे रस्तेच ठरवायचे. दोन चाकांमधलं अंतर जुन्या चाकोरीत बसलं नाही, की एक चाक खड्ड्यात आणि एक बांधावर. लोक चाकोरीबाहेरच्या माणसाचं कौतुक करतात, पण चाकोरीबाहेरच्या गाडीत बसून पाहावं. तर बाहेरून सहा फूट, लांबी आठ फूट. पलंग आडवा टाकायचा, मागच्या चार फुटांत. उरलेल्या चार फुटांत संसार. माझी उंची पाच फूट नऊ इंच. सहा फुटांत पाच-नऊ. वर तीन इंच शिल्लक, पायाची बोटं ताणायला.

वेल्डिंगवाले मिस्त्री जुन्या आखावर चॅनल जोडत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "सर, माप आतून का बाहीरून धरू?"

"बाहेरून," मी ठामपणे म्हणालो. वर्गात ठाम बोलायची सवय असते.

आता रेषेची गोष्ट. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की रेषेला लांबी असते, जाडी नसते. फळ्यावर आयत काढला की आतलं माप आणि बाहेरचं माप एकच. मिस्त्रींच्या आयताला मात्र दीड इंची चौकोनी पाईप होता. पाइपांच्या मधे उन्हासाठी थर्माकोल, बाहेरून पत्रा, आतून अर्ध्या इंचाचा प्लाय. एका भिंतीचे दोन इंच, दोन भिंतींचे चार. त्यावर हिला हवा म्हणून सनमायका, आणि कडा झाकायला लाकडी पट्ट्या, दोन्ही बाजूंनी दोन दोन सूत. गच्चीवरच्या खडूच्या रेघेला यातलं काहीच नव्हतं. बहात्तर वजा साडेचार. आत पाच फूट साडेसात इंच उरले, आणि मी पाच-नऊचा तसाच्या तसा.

हे कळलं तेव्हा शेवटची पट्टी ठोकून झाली होती. "उभा पलंग टाकू," मी म्हणालो. मिस्त्रींनी ओट्याकडे, दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मंग सर, दार कुटून?"

गादी तेवढी बरी झाली. तयार गाद्या सहा फूट, सव्वासहा फूट अशा ठरीव लांबीच्या. पिंजाऱ्याची कापसाची गादी मात्र सांगाल त्या मापाची. पाच फूट साडेसात इंच ऐकून त्यानं विचारलं, "पोरासाठी का?"

फेब्रुवारीत निघालो. पहिलाच प्रवास, म्हणून औंढा नागनाथ, हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटर. आयत्या वेळी आई म्हणाली, "मी पण येते, दर्शन तरी होईल." ती कुठं झोपणार हे तिनं विचारलं नाही. आया हे विचारत नाहीत, आपल्यालाच विचारायला लावतात.

वाटेत शिवारात हळद काढणं चाललं होतं. दर मैलाला एक ट्रॉलीवाला शेजारी येऊन, वेग कमी करून, आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचा. पोती, बहुधा. याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. दोन चार-चार किलोमीटरच्या भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपायचा. गुरुत्वीय लहर गेली, की तेवढा पडतो. मी हे रंगवून सांगत होतो. ही खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आणि आपल्याला दीड इंच दिसला नाही."

औंढ्याच्या गाभाऱ्याला कुणी माप विचारत नाही. पिंड खाली तळघरात आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, वाकून उतरायचं, आणि आत बसूनच दर्शन घ्यायचं. आई ऐंशीची, ती सुळकन उतरली. मी डोकं आपटलं. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून तिनं आपली गोष्ट सुरू केली, जी आमच्याकडे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. नरसीचे नामदेव गुरू शोधत इथं आले तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, जिथं देव नाही तिथं तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंड. दुसरी गोष्ट देवळाची. नामदेवांना पुढून कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. म्हणून नंदी मागं राहिला, असं सांगतात.

मी दोन्ही गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या. त्या झोपेच्या आणि जागेच्या आहेत हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

मुक्कामाला एका शेतकऱ्यानं आपल्या मळ्यात जागा दिली. त्याची हळद शिजवायची रात्र होती, कढईखाली जाळ, सगळीकडे ओल्या हळदीचा उग्र गोड वास. ट्रेलर उभा केला, टेकू लावले, गादी झटकली. आई दारात आली.

"पाय कुणीकडं येतेत?"

मी दाखवलं.

"ती दक्षिण. यमाची दिशा."

मग उशा फिरवल्या. पाय उत्तरेला. "तिकडं नागनाथ," आई म्हणाली. खरंच, कळसाचा दिवा दिसत होता.

म्हणजे ट्रेलरच फिरवायला हवा. जोडलेला ट्रेलर मागं घेणं ही एक विद्या आहे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि घाई केली तर जीप आणि ट्रेलर काटकोनात एकमेकांकडे पाहत उभे राहतात. मी वीस मिनिटं पुढं-मागं केलं. ही कंदील धरून "येऊ द्या, येऊ द्या, थांबा" म्हणत होती, आणि "थांबा" नेहमी थोडं उशिरा येत होतं. शेतकरी कढई सोडून पाहायला आला.

"देऊळ फिरलं होतं रे," आई अंधारातून म्हणाली, "तुला एक ट्रॉली फिरंना?"

शेवटी फिरली. आता पाय पूर्वेला. पूर्वेला सकाळी सूर्य उगवणार होता, त्याच्याकडे पाय करून कसं चालेल? उशा पुन्हा फिरवल्या. पश्चिमेला निंबाखाली शेंदूर लावलेला दगड होता. "म्हसोबा हाय तो," शेतकरी आदरानं म्हणाला.

"आता मात्र झोपा," ही म्हणाली आणि आत शिरून झोपली. पाच फूट एक इंच उंचीची माणसं सुखी असतात.

मी उभ्या-उभ्या हिशोब केला. पाच फूट साडेसात इंच बाय चार फूट. कर्ण जवळजवळ सहा फूट अकरा इंच! पायथागोरस धावून आला. मी तिरपा झोपलो आणि टाचा प्रथमच मोकळ्या झाल्या. हिच्या वाट्याला एक काटकोन त्रिकोण आला. तो तिला कोपरात आणि गुडघ्यात टोचला, कारण दोन मिनिटांत मला लाथ बसली. शिवाय भूमितीतल्या कर्णालाही जाडी नसते. माझ्या खांद्यांना आहे.

रात्री दोनला मी दाराबाहेर बसलो होतो. आई कुठं आहे म्हणून पाहिलं तर जाळाच्या उबेला, शेतकऱ्याच्या बाजेवर. बाज आखूड होती, आईचे पाय काथ्याच्या कडेवरून सरळ बाहेर आले होते आणि ती घोरत होती. पाय कुठल्या दिशेला होते ते मी मुद्दाम पाहिलं. दक्षिणेला. सकाळी विचारलं तर म्हणाली, "बाज त्येंची. मी कशाला फिरवू?"

परत आल्यावर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मला आत आडवं व्हायला लावलं आणि पायाजवळच्या पत्र्यावर खडूनं चौकोन काढला. इथून भिंत कापायची, बाहेरून एक लहान डबा जोडायचा, कूलर लावतात तसा, आणि पाय त्यात जातील. सोपं. दोन तासांचं काम.

"किती खोल लागंल, सर?"

"आठ इंच," मी म्हणालो.

मिस्त्रींनी टेप उघडली आणि तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"आतून का बाहीरून?"