जाड तेलाचा काढा

उल्हासनगरला स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर इंजिन ऑइलच्या ॲडिटिव्हची एक बाटली उलटी धरतात. मधासारख्या दाट तेलातून बुडबुडा रांगत वर चढतो. तो पोचेपर्यंत गिऱ्हाईक पटलेलं असतं. बाटलीवर 'मेड इन यूएसए'. आता यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद इथे जुनाच. पण अस्सल यूएसएचंही ऐका: आमच्या ॲडिटिव्हने तेल कमी जळतं, या जाहिरातींपायी तिथल्या एसटीपी कंपनीला 1978 साली 5 लाख डॉलर दंड भरावा लागला.

जाडपणा पॉलिमरचा. झिजलेल्या पिस्टन रिंगांतून तेल कमी निसटतं, धूर विरतो, खडखड दबते. रिंग मात्र झिजलेलीच! शिवाय सकाळी थंड इंजिनात हा पाक वर चढेपर्यंत कॅमशाफ्ट जवळजवळ कोरडाच फिरतो. गाडीच्या कंपनीच्या पुस्तिकेत 10डब्ल्यू-30 ग्रेडचं तेल छापलंय, ते बहुधा शोभेला.

बदलापूरच्या आमच्या शेजाऱ्यांनी दोन बाटल्या ओतल्या. "धूर बंद झाला हो!" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात स्कूटर अंबरनाथच्या एका गृहस्थांना विकली. ते गृहस्थ हल्ली चांगला मेकॅनिक शोधताहेत.