फोमवाले

हा माणूस कुठेही गेला तरी आधी बसत नाही, दाबतो. लग्नाच्या हॉलमधला सोफा असो, दातांच्या डॉक्टरकडचा बाक असो की कुणाच्या नव्या मोटारीची सीट. अंगठा आत रुततो, थोडा वेळ तसाच राहतो, मग अलगद उचलला जातो आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो हे डोळे बारीक करून पाहिलं जातं. मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा यजमान "बसा ना, बसा ना" म्हणत होते आणि हे वाकून सोफ्याची कड चाचपत होते. शेवटी बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "३२ डेन्सिटी सांगून २८ची गळ्यात मारलीय तुमच्या." लग्न ठरलं, याचं श्रेय सर्वस्वी मुलीला आहे.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात या जातीची बरीच माणसं सापडतात. एक आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहतं. कंपनीत त्यांच्या दारावर 'आर अँड डी' अशी पाटी आहे, सोसायटीत सगळे 'फोमवाले' म्हणतात. शिक्षण यूडीसीटीतलं. त्या संस्थेचं नाव २००८ साली आयसीटी झालं, पण ते यांना अजून मान्य नाही.

काम ऐकायला सोपं आहे. एका डब्यात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट, म्हणजे त्यांच्या भाषेत नुसतं 'आयसो'. दोन्ही एकत्र करून घोटायचं. काही सेकंदांत मिश्रण दुधाळ होतं, फुगायला लागतं, वर येतं, धागे सुटतात, मग कडक होतं. या प्रत्येक अवस्थेची वेळ स्टॉपवॉचवर मोजायची. हा प्रयोग कागदी कपात होतो, आणि फोम कपाबाहेर डोकं काढून उभा राहतो. असे कप त्यांच्या बाल्कनीत रांगेनं मांडलेले असतात, प्रत्येकावर मार्करनं तारीख, तापमान आणि एक शेरा: 'उठला', 'उठून बसला', 'आक्रसला', 'फाटला'. सोसायटीतल्या पोरांना वर्षानुवर्षं ते आइस्क्रीमच वाटत आलं आहे. त्यांच्या बोटांवर तपकिरी डाग असतात. आयसो कातडीला लागून वाळला की साबणानं जात नाही, कातडी जुनी होऊनच तो जातो. मुंजीत, बारशात लोक विचारतात, मेंदी का हो?

वहिनी म्हणतात, यांचा धंदा म्हणजे निव्वळ हवा. हिशेबानं त्यांचं फारसं चुकत नाही. भरीव पॉलियुरेथेन घनमीटरला साधारण १२०० किलो भरतं, फ्रीजच्या भिंतीतला फोम ३५ किलोच्या आसपास. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव भाग पोकळीच. पण 'हवा' म्हटलं की फोमवाले दुखावतात. "हवा नाही, ब्लोइंग एजंट! बंद पेशीत कोंडलेला. नुसती हवा असती तर तुमचं श्रीखंड दुपारपर्यंत ताक झालं असतं."

या ब्लोइंग एजंटनं त्यांच्या आयुष्याचं पंचांग बनवलं आहे. पूर्वी सीएफसी-११ असायचा. तो ओझोनच्या थराला खातो म्हणून १९८७ साली माँट्रियलला करार झाला आणि यथावकाश तो गेला. त्याच्या जागी १४१-बी आला, तोही १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे फोमसाठी बंद. दर वेळी गॅस बदलला की जमवलेलं सगळं फॉर्म्युलेशन कोसळतं आणि हे पुन्हा कपापासून सुरुवात करतात. त्यामुळे त्यांना साल आठवत नाही, गॅस आठवतो. "आमचं लग्न अकरामधलं. मुलगी झाली तेव्हा १४१-बीच्या ट्रायल चालू होत्या." मुलीचं लग्न सायक्लोपेंटेनच्या काळात झालं. जावयाबद्दल मत विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सायक्लोपेंटेन चांगला आहे. फक्त ज्वालाग्राही."

पावसाळा हा त्यांचा वैरी. आयसोत पाणी गेलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मोजून घातलं तर त्याच गॅसवर गादीचा फोम फुगतो, पण न मोजता शिरलं तर सीलबंद पिंपसुद्धा पोट फुगवून बसतं. जुलैत सगळं पुणं लोणावळ्याला कणसं खात असतं तेव्हा हे पिंपांच्या झाकणांवरून हात फिरवत हिंडतात.

मूड चांगला असला की ऑटो बायरची गोष्ट निघते. १९३७, जर्मनी, लेव्हरकुझेन. "बायर कंपनीच्या मालकांपैकी नव्हे हं, नुसता आडनावबंधू!" त्यानं पॉलियुरेथेन शोधलं, पण पुढं नमुन्यांत बुडबुडे यायला लागले, तेव्हा याचं फार तर खोटं स्विस चीज होईल अशी टिंगल झाली म्हणतात. इथं फोमवाल्यांचा आवाज कापरा होतो. कारण त्यांच्याकडं येणारं गिऱ्हाईकही चीजवाल्यांच्याच वंशातलं. ते परदेशी मशिनचा तुटका तुकडा टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "असंच पाहिजे. अजून हलकं, अजून मजबूत, पेटता कामा नये, आणि थर्माकोलच्या भावात."

गेल्या वर्षी त्यांच्या घरचा फ्रीज थंड करेनासा झाला. मेकॅनिक म्हणाला, गॅस गेलाय, भरून देतो. तो सिलिंडर आणायला गेला तेवढ्यात यांनी हॅकसॉ काढला. परत येऊन बघतो तर दार मधोमध चिरलेलं आणि मालक जमिनीवर बसून भिंगातून आत पाहताहेत. "वहिनी, बघा!" ते माझ्या बायकोला ओरडून म्हणाले, "बिजागरीच्या कोपऱ्यात व्हॉइड! तिथवर फोम पोचलाच नाही. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो." त्यांच्या स्वतःच्या बायकोचा प्रश्न दूध कुठं ठेवायचं एवढाच होता. पुढचे आठ दिवस ते आमच्याकडं होतं.

फायबरग्लास हे त्यांचं दुसरं अंग. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, रोलरनं हवा काढायची, पुन्हा मॅट. इथं मात्र हवेचा एक बुडबुडा चालत नाही. सकाळी बुडबुड्यांसाठी भांडणारा हा माणूस दुपारी बुडबुड्यांविरुद्ध भांडतो, आणि दोन्हीकडं पोटतिडकीनं. काचेची कूस अंगाला खाजते, म्हणून त्यांचे कपडे वेगळे धुतले जातात.

परवा गच्चीवरची फायबरची टाकी गळायला लागली, तेव्हा सोसायटीनं त्यांनाच बोलावलं. त्यांनी टाकी रिकामी करून वाळवली, भेगेभोवती घासलं, मॅट कापली, बादलीत रेझिन घेऊन हार्डनर घातला आणि म्हणाले, "आता पंधरा मिनिटं कोणी बोलू नका." सेक्रेटरींनी नेमका तेव्हाच घसा साफ केला. तीन कोटेशन मागवायला हवी होती, जनरल बॉडीची मंजुरी नाही, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, आणि मुख्य म्हणजे गॅरंटी किती? फोमवाले सभ्य माणूस. प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत राहिले. गॅरंटीला तर त्यांनी "कुठल्या तापमानाला?" असा उलट प्रश्न केला. तोवर बादली गरम झाली, तिच्यातून धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा रुतून बसला.

ते चिडले नाहीत. बादलीतून गोळा ब्रशसकट काढून घरी नेला. टाकी दुसऱ्या दिवशी पहाटे, सेक्रेटरी उठायच्या आत, दुरुस्त झाली. गोळा आता बाल्कनीत कपांच्या रांगेत आहे. त्यावर लिहिलं आहे: तापमान ३१, हार्डनर दोन टक्के, सेक्रेटरी एक.