उपवासाची मुदत आणि उष्मांकांची जमाबंदी

शरीरभार घटविण्याचा संकल्प करणाऱ्या यवतमाळकर गृहस्थाने प्रथम आपला पंथ निश्चित करावा: घड्याळाचा की तराजूचा.

घड्याळपंथीयांस गुरू दूर शोधावा लागत नाही. खाल्ले की इन्सुलिन स्रवते, सबब दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, हा विदर्भाच्याच डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोहोचविला. आमच्या शेजारच्या निवृत्त नायब तहसीलदारांनी तो शिरोधार्य मानला. आणि आयुष्यभर शेतसाऱ्याच्या मुदतीचा तगादा लावलेल्या या सद्गृहस्थांनी, मनगटी घड्याळ ताटाशेजारी मांडून, भाकर, झुणका, वांग्याचे भरीत व वर वाटीभर तर्री असा ऐवज चोपन्नाव्या मिनिटापर्यंत इतक्या निष्ठेने वसूल केला, की त्यांच्या सौभाग्यवतींस पूर्वीची चार वेळांची जेवणेच बरी वाटू लागली. मुदत म्हणजे मुभा नव्हे, हे कलम लक्षात ठेवावे. मधल्या तीन साखरेच्या चहांविषयी विचारले, तर म्हणतात, ‘चहा काय खाणं असते का जी?’ आता या माणसाशी कोणी हुज्जत घालावी!

चतुर्थीस कळंबच्या चिंतामणीचे दर्शन अवश्य घ्यावे; मात्र १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० आणि तितक्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेंवर उष्मांक असतात, हे खिचडीची दुसरी बशी पुढे करण्यापूर्वी आठवावे.

तराजूपंथीयाने रोजच्या आहारातून पाचएकशे उष्मांक वजा करावेत. हे कागदावर सोपे आहे. परंतु मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० उष्मांक असताना, फोडणीत अंदाजाने ओतलेली धार आणि आग्रहाने तोंडात कोंबलेला पेढा कोणत्या रकान्यात नोंदवावा, याचा खुलासा कोणताही तक्ता करीत नाही.

राहिला उभय पंथांचा दावा. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींस वर्षभर सारखाच उष्मांकनियम लावून, त्यांपैकी निम्म्यांस केवळ सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच जेवू दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे वजन सरासरी ८ किलो, तर इतरांचे ६.३ किलो घटले, आणि हा फरक संख्याशास्त्राने ग्राह्य धरला नाही. सारांश, ज्यास हिशेबाचा कंटाळा त्याने घड्याळ पाळावे आणि ज्यास उपाशीपोटी राग येतो त्याने तराजू. वजन ताटातल्या ऐवजानेच घटते.

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून एकही जेवण चुकवू नये. त्यांची रक्तशर्करा एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.