राजाची उधारी

राजाचीही वाण्याकडे वही असते, हे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात कुणी सांगत नाही. तिथले राजे लढाया करतात, तह करतात आणि धडा संपायच्या आत मरतात. पण त्या लढाईच्या काळात सैन्याचं पीठमीठ, दरबारातली दारू, राणीचं रेशीम हे सगळं कुणीतरी "मांडून ठेवा हो" म्हणत आणलेलं असतं. मांडून ठेवणारा माणूस इतिहासात सहसा येत नाही. तो आला की समजावं, वसुलीला आलाय.

डेन्मार्कमध्ये असा एक माणूस १६६४ साली आला. त्याचं नाव हाइनरिख म्युलर. दरबाराला माल पुरवणारा बडा व्यापारी. जुन्या हकिगतींत त्याचा उल्लेख चक्क किराणा व्यापारी असा येतो, तेव्हा आपणही संकोच न करता वाणीच म्हणू. राजा तिसरा फ्रेडरिक तेव्हा स्वीडनशी लढून लढून खंक झालेला. अर्धा मुलूख गेलेला नसला तरी चांगला मोठा लचका तुटलेला, आणि तिजोरीत खडखडाट. त्याने देण्यासारखं काय उरलंय ते पाहिलं आणि वाण्याच्या उधारीपोटी एक किल्ला देऊन टाकला. त्याचं नाव ड्राग्सहोल्म.

किल्ला म्हणजे अगदी नांदता नव्हता. काही वर्षांपूर्वीच स्वीडिश सैन्याने तो सुरुंग लावून उडवायचा प्रयत्न केला होता, आणि तो बऱ्यापैकी यशस्वी झाला होता. म्हणजे वाण्याच्या पदरात पडले ते मुख्यतः ढिगारे. पण ढिगाऱ्यांसोबत शेतं होती, कुळं होती, खंड होता. मुरलेला व्यापारी भिंतींकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो.

ड्राग्सहोल्म आहे झीलंड बेटाच्या वायव्य कोपऱ्यात, ओड्सहेर्रेड भागात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तो रोस्किल्डच्या बिशपने बांधला. देवाधर्माच्या माणसाला एवढ्या जाड भिंती कशाला लागल्या, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडला नसावा. बिशप जमीनदारही होते आणि वेळप्रसंगी लढवय्येही. १५३४ ते १५३६ या काळात डेन्मार्कात गादीवरून मोठी भाऊबंदकी माजली. काउंट क्रिस्टोफर नावाच्या सरदाराने झीलंडवरचे किल्ले एकामागोमाग एक घेतले. अख्ख्या बेटावर त्याला दाद न देणारा किल्ला एकच निघाला, तो हा.

एवढा अजिंक्य किल्ला बिशपच्या हातून गेला तो मात्र एका फर्मानाने. १५३६ साली नवा राजा तिसरा ख्रिस्तियन गादीवर पक्का बसला, त्याने देश प्रॉटेस्टंट केला, बिशपांना अटक केली आणि चर्चची सगळी इस्टेट सरकारजमा केली. तोफा जिथे हरल्या तिथे दौत आणि टाक जिंकले. रोस्किल्डचा शेवटचा कॅथलिक बिशप योआखिम रॉन्नो याला काही काळ कोंडून ठेवलं होतं, ते याच किल्ल्यात. मालकाला त्याच्याच घरात कैदी करायचं, म्हणजे त्याला निदान खोल्या कुठे आहेत ते विचारावं लागत नाही.

राजाने मग ड्राग्सहोल्मचा तुरुंगच केला, पण तो ऐऱ्यागैऱ्यांसाठी नव्हता. सरदार, दरकदार, धर्माधिकारी अशा खानदानी गुन्हेगारांची तिथे सोय होती. कोठडीला खिडकी मिळणार की नाही, शौचकूप मिळणार की नाही, हे कैद्याचा गुन्हा, त्याची वागणूक आणि विशेषतः त्याने राजाचा किती अपमान केला यावर ठरे. राजाला नुसतं मूर्ख म्हटल्यास खिडकी, आणि त्याच्या आईचा उद्धार केल्यास अंधार, असा काही तक्ता असणार. तो मिळता तर फार मजा आली असती.

या तुरुंगाचा सर्वात गाजलेला पाहुणा म्हणजे जेम्स हेपबर्न, बॉथवेलचा अर्ल, स्कॉटलंडची राणी मेरी हिचा तिसरा नवरा. दुसऱ्या नवऱ्याचा १५६७ च्या फेब्रुवारीत खून झाला, संशय याच्यावर आला, खटल्यातून हा सुटला आणि मे महिन्यात राणीशी लग्न करून मोकळा झाला. स्कॉटलंडच्या सरदारांना ही घाई पसंत पडली नाही. जूनमध्ये राणी त्यांच्या ताब्यात आणि अर्लसाहेब समुद्रात. पळता पळता तो नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं. त्याला बर्गनला आणलं, आणि तिथे नियतीने आपली विनोदबुद्धी दाखवली. अ‍ॅना थ्रोंडसेन नावाची एक खानदानी बाई बर्गनमध्ये त्याची वाटच बघत असल्यासारखी दावा घेऊन उभी राहिली. काही वर्षांपूर्वी या गृहस्थाने तिला लग्नाचं वचन देऊन, तिचा हुंडा खर्चून तिला वाऱ्यावर सोडलं होतं. स्कॉटलंडचं अख्खं सैन्य ज्याला पकडू शकलं नाही, त्याला एका जुन्या देण्याने गाठलं. वर्षासन कबूल करून आणि आपलं एक जहाज तिला देऊन त्याने ते प्रकरण मिटवलं.

तिथून तो कोपनहेगनला राजा दुसरा फ्रेडरिक याच्या हाती आला. राजाने त्याला ना फाशी दिली ना सोडलं. त्यामागेही एक थकीत हिशेब होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. शंभर वर्षांपूर्वी डेन्मार्कचा राजा पहिला ख्रिस्तियन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंडा ठरला साठ हजार ऱ्हाइन गिल्डर. एवढे पैसे होते कुणाकडे! म्हणून पन्नास हजारांपोटी १४६८ साली ऑर्कनी बेटं गहाण टाकली. उरलेले दहा हजार तरी रोख द्यायचे, तर त्यातलेही दोनच हजार जमले, म्हणून पुढच्या वर्षी आठ हजारांपोटी शेटलंडही गहाण पडलं. नंतर डेन्मार्कचे राजे बेटं सोडवून घ्यायला पैसे घेऊन तयार होत, आणि स्कॉटलंडवाले दर वेळी दुसराच काही विषय काढत. बॉथवेलने नेमकं हेच हेरलं. मला मदत करा, ती बेटं तुम्हाला परत मिळवून देतो, असं तो राजाला सांगू लागला. बेटं त्याच्या बापाची नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी राजाने त्याला तारण म्हणून जपून ठेवलं.

तारणाची किंमत बाजारावर असते. मेरीच्या बाजूचा शेवटचा मोठा आधार, एडिनबराचा किल्ला, १५७३ साली पडला. ती परत गादीवर येण्याची आशा संपली आणि तिच्या नवऱ्याचा भाव कोसळला. त्याच वर्षी त्याची रवानगी ड्राग्सहोल्मला झाली. पाच वर्षांनी, १५७८ च्या एप्रिलमध्ये, तो तिथेच मेला. त्याला म्हणे एका खांबाला साखळीने बांधलं होतं, आणि खांबाभोवती फिरून फिरून त्याच्या पायांनी जमिनीवर अर्धवर्तुळाची चाकोरी पडली. ही हकिगत पाहुण्यांना आवर्जून सांगतात. जवळच्या फोरेवाइले गावच्या चर्चमध्ये एक वाळून टिकलेलं शव सापडलं. ते त्याचंच समजलं गेलं आणि बरीच वर्षं काचेखाली लोकांना दाखवलं गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशावर चैन केलेल्या माणसाने मेल्यावर असं प्रदर्शनात उभं राहून थोडीफार परतफेड केली म्हणायची.

म्युलरकडे परत येऊ. एका वाण्याला सरदाराचा वाडा मिळाला, याचं अप्रूप आज वाटत नाही. पण १६६० पर्यंत डेन्मार्कात असल्या इस्टेटी ठेवण्याचा हक्क मुख्यतः सरदार घराण्यांचा होता. त्या वर्षी राजाने सरदारांचं वर्चस्व मोडून सगळी सत्ता आपल्या हाती घेतली, आणि सावकारांना देण्यासाठी सरकारी जमिनी मोकळ्या केल्या. ज्यांनी राजाला पीठ पुरवलं ते जहागीरदार झाले. म्युलरला पुढे सरदारकीही मिळाली, १६७४ साली. जुन्या घराण्यांनी नाकं मुरडली असतील. पण नाकं मुरडणाऱ्यांचीही वही त्याच्याकडे असणारच.

वाडा पुन्हा उभा करणं मात्र त्याला साधलं नाही. १६९४ साली ड्राग्सहोल्म फ्रेडरिक ख्रिस्तियन आडेलरने घेतला. त्याचा बाप कोर्ट आडेलर नामांकित आरमारी योद्धा. जन्माने नॉर्वेचा, व्हेनिसच्या बाजूने तुर्कांशी लढून नाव कमावलेला, आणि अखेर डेन्मार्कच्या आरमाराचा प्रमुख. बापाने दुसऱ्यांची जहाजं बुडवली, मुलाने पडका वाडा बांधून काढला. आज दिसतो तो पांढरा, शिस्तीत उभा असलेला बरोक वाडा या मुलाचा, १६९७ च्या सुमाराचा. पुढे १७८५ साली त्याची बॅरनी झाली, आणि वाड्याचं नावही बदलून 'आडेलर्सबोर्ग' ठेवलं गेलं. घर घेतल्यावर पाटी बदलायची खोड जगभर सारखीच.

मालकांची ही यादी वाचताना एक गोष्ट खटकते. बिशप आहेत, राजे आहेत, वाणी आहे, बॅरन आहेत. पण ज्यांच्या खंडावर आणि वेठीवर हे सगळे जगले, त्यांतलं एकही नाव नाही. १७३३ पासून १७८८ पर्यंत डेन्मार्कात असा कायदा होता की ठरावीक वयाच्या शेतकरी पुरुषाने जन्मला त्या इस्टेटीचा मुलूख सोडून जायचं नाही. एका अर्थी इस्टेट विकली की माणसंही विकली जात, फक्त तसं लिहीत नसत. तो कायदा उठल्याच्या आनंदात कोपनहेगनमध्ये उभारलेला स्तंभ अजून आहे. राजधानीत स्तंभ उभारणं सोपं असतं. ज्या गावांत माणसं बांधली गेली होती, त्या गावांत काय उभारलं, ते कुणी विचारत नाही.

आडेलरांच्या पुढच्या पिढ्यांत आडनावाला जोड लागून ते झिटफेन-आडेलर झाले, आणि त्यांच्यातल्या एका बॅरनला एकोणिसाव्या शतकात भलतंच वेड लागलं. वाड्याजवळ लामेफ्योर्ड नावाची समुद्राची उथळ खाडी आहे. होती, म्हणायला हवं. बॅरनसाहेबांनी ठरवलं, ही खाडी कोरडी करायची. १८७३ साली आउडेबो इथे बांध घालून समुद्र अडवला आणि आतलं पाणी उपसायला सुरुवात झाली. पाच वर्षांनी बॅरन गेला, पाणी मात्र राहिलं. ते पुरतं हटायला १९४३ साल उजाडलं. आज तिथली जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या सुमारे सात मीटर खाली आहे. डेन्मार्कमधली सर्वात खोलगट जमीन ती हीच. पंप बंद पडले तर समुद्र आपली जागा परत मागायला येईल. पण समुद्राच्या तळाच्या त्या गाळात गोटे नाहीत, म्हणून गाजरं सरळसोट वाढतात. शतावरीचे कोंबही उत्तम येतात.

बॅरनीचा शेवट वादळाने नाही, कायद्याने झाला. १९१९ साली डेन्मार्कने वारसाहक्कात अडकलेल्या अशा सगळ्या इस्टेटी मोकळ्या केल्या. मालकी पूर्ण तुमची, पण किमतीचा मोठा वाटा सरकारात भरा आणि एक तृतीयांश जमीन मोबदला घेऊन छोट्या शेतकऱ्यांसाठी द्या. अनेक वाडे या हिशेबाने थकले. आडेलर्सबोर्ग १९३० च्या दशकात सरकारच्या जमीन खात्याकडे गेला, आसपासची जमीन वाटली गेली, आणि वाडा बॉटगर कुटुंबाने घेतला. त्यांनी त्याचं हॉटेल केलं आणि नाव पुन्हा ड्राग्सहोल्म. ज्या खोल्यांमध्ये राजा सरदारांना फुकट ठेवत असे, तिथे आता लोक पैसे मोजून राहतात. तिथल्या स्वयंपाकघराला मिशलिनचा ताराही मिळालेला आहे.

मालक इतके बदलले तरी वाड्यात काही जण हललेले नाहीत. ती म्हणजे भुतं. शंभरेक असावीत, असा तिथला दावा. पागडीच्या भाडेकरूंसारखी ती नव्या मालकाला जुमानत नाहीत आणि खोली सोडत नाहीत. बॉथवेल घोड्यावरून अंगणात येतो म्हणतात. पांढऱ्या पोशाखातली एक बाई आहे, जिला बापाने भिंतीत चिणली असं सांगतात. पण माझी आवडती आहे करड्या पोशाखातली मोलकरीण. तिची दाढ दुखत होती, वाड्यातल्या कुणीतरी औषध बांधलं, ती बरी झाली, आणि ती लवकरच मेली तरी दररोज रात्री सगळं ठीक आहे ना ते बघायला येते. या वाड्याच्या आठशे वर्षांच्या हिशेबात घेतलेलं ऋण मनापासून फेडणारी व्यक्ती बहुधा ही एकटीच.

मालकांपैकी निवडायचा झाला, तर मी मात्र त्या खाडीत पैसे ओतणाऱ्या बॅरनला निवडेन. त्याची बॅरनी गेली, घराण्याने वाड्याला दिलेलं नाव पुसलं गेलं, पण त्याने सुरू केलेलं काम दरवर्षी पीक देतं. डेन्मार्कला जाणं झालं तर लामेफ्योर्डची गाजरं मागून घ्या आणि कच्चीच खा. वाडा पाहायचा राहिला तरी चालेल.