बाकी एक

माईंना कुणी "मुलं किती?" असं विचारलं की त्या आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघतात. विचारणारी बाई साठीच्या पुढची असेल तर "सात" म्हणून मोकळ्या होतात. तिशीतली असेल तर "आहेत की" एवढ्यावरच भागवतात. कारण सात म्हटलं की ती "बापरे!" म्हणते आणि पाठोपाठ "कसं केलंत हो सगळं?" असं विचारते. या दुसऱ्या प्रश्नाला माईंकडे उत्तर नाही. केलं कुठं? होत गेलं.

अशा माई गावोगाव आहेत. सतराव्या-अठराव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या, आणि पुढची पंधरा वर्षं पाळणा माळ्यावर टाकायला सवडच न मिळालेल्या. कुठे त्या जिजी असतात, कुठे काकी, कुठे नुसत्याच मोठ्या आई. मी म्हणतो त्या माई कराडच्या. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, पेठेत दोन खोल्यांचं घर, आणि त्यात नऊ माणसं. पाहुणा आला की दहा. पाहुणा नाही असा दिवस आठवत नाही.

माईंकडे तारखा नसतात, प्रसंग असतात. त्यांचा स्वतःचा जन्म पत्री सरकारच्या धामधुमीतला. नाना पाटलांची माणसं रात्री वाड्यात भाकरी खाऊन गेली आणि पहाटे माई झाल्या, अशी घरातली नोंद. आधार कार्डावर मात्र १ जून १९४३ आहे. तो १ जून मास्तरांचा. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. बायकोचे कागद करतानाही त्यांचा हात आपोआप तिकडेच वळला. आता १ जूनला नातवंडांचे केकचे फोटो मोबाइलवर येतात. माई म्हणतात, "मी श्रावणातली आहे रे. पण असू दे, सरकारची हौस."

मुलांचंही तसंच. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आक्का पोटात होती. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा काळोख. फळीवरची भांडी कोसळायला लागली तशी माईंनी हाताला लागतील ती पोरं ओढली आणि अंगणात आणून बसवली. मोजली तर चार! "माझी जमिनीवर तीनच, चौथं पोटात. मग म्हटलं, हे कोण?" शेजारचं पोर रात्री गोष्ट ऐकायला येऊन तिथंच झोपलं होतं, आणि पलीकडे त्याच्या आईनं आकांत मांडला होता. पुढे कित्येक रात्री सगळी पेठ उघड्यावर झोपली आणि माई रोज डोकी मोजूनच आडव्या व्हायच्या. ती सवय अजून गेलेली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा नातीच्या गॅदरिंगला माईंचे ओठ हलताना दिसले की लोकांना वाटतं नामस्मरण चाललंय. ती हजेरी असते.

छकुली बहात्तरच्या दुष्काळातली. रेशनवर परदेशातून आलेली मिलो होती, तिच्या लालसर भाकरीकडे बघून मोठी पोरं नाक मुरडायची. छकुली आज नाशिकला बँकेत अधिकारी आहे. तिचं डोकं भडकलं की माई शांतपणे म्हणतात, "मिलोचं आहे ते. चढतं नि उतरतं."

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मुंबईहून कराड गाडीनं एका रात्रीचं. केंद्राची बातमी यायला मात्र पन्नास वर्षं लागली. ती पोचली तेव्हा लाल त्रिकोण दवाखान्याच्या भिंतीवर आला होता, "पाळणा लांबवा" असं नर्सबाई सांगून जात होत्या आणि माईंचा पाळणा सहाव्यांदा बांधलेला होता. मग आणीबाणी लागली. नसबंदीच्या 'केसेस' आणा म्हणून सरकारी नोकरांमागे तगादा सुरू झाला. मास्तर संध्याकाळी सायकल काढून वाड्यावस्त्यांवर जायचे आणि दोन मुलांच्या कुटुंबाचं सुख समजावून सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि सायकलकडे बघायचे. दांडीवर छकुली, कॅरिअरवर बाळ्या. घरी धाकटा रांगत होता तो वेगळाच. शेवटी मास्तरांनी पहिली केस म्हणून स्वतःचंच नाव घातलं. सात हा आकडा तिथं पक्का झाला.

तर सात. या आकड्यानं माईंना जे दिलं ते कुठल्या शाळेनं दिलं नसतं. सातानं भागणं. पेढा असो, दिवाळीचा फटाका असो, वाढदिवसाला कुणी दिलेली दोन रुपयांची नोट असो, माईंच्या घरात कुठलीही वस्तू अखंड राहात नव्हती. कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं, हा नियम. त्यामुळे बाळ्याच्या हातात सुरी दिली की वाटे बेळगावच्या सोनाराला लाजवतील असे काटेकोर पडायचे. भागत नव्हती ती एकच गोष्ट, दुधाच्या पातेल्याची खरवड. तिला पाळी लावलेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशी, संकष्टी, मास्तरांचा पगार आणि खाली बारीक अक्षरात "ख. अण्णा", "ख. ताई".

अण्णा आता डोंबिवलीत सोसायटीचे चेअरमन आहेत. टँकरच्या पाण्यावरून हातघाईवर आलेले दोन विंग ते समजुतीनं शांत करतात. पण त्यांना गालगुंड झालेलं असताना त्यांची खरवड बाळ्याला दिली गेली, हा विषय निघाला की अण्णांचा आवाज चढतो. बाळ्याला मधुमेह आहे, तो पंचावन्नाचा आहे आणि त्याचं खरं नाव फक्त त्याच्या कंपनीला माहीत आहे. तो म्हणतो, "मी खाल्लीच नाही." माई काही बोलत नाहीत. त्यांना ठाऊक आहे ती कुणी खाल्ली. मास्तरांनी.

पाठ्यपुस्तकांनाही अशीच उतरंड. बालभारतीचं पुस्तक एकदा घरात आलं की ते वरून खाली सरकत जायचं. विज्ञानाचं पुस्तक छकुलीपर्यंत पोचलं तेव्हा न्यूटनला दाढी, चष्मा आणि कानात भिकबाळी आली होती. अभ्यासक्रम बदलला की मात्र माई सरकारचा उद्धार करायच्या. महागाई, टंचाई, रेशनची रांग यांबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नाही. पण चांगलं मळलेलं, तीन पोरं पास करून दिलेलं पुस्तक रद्द करायचं म्हणजे काय!

हे सगळं ज्या बाईनं केलं, तिच्या हाताला दोन माणसांचा स्वयंपाक येत नाही, यात नवल नाही. चिंचवडच्या सूनबाईंनी पाव किलो फ्लॉवर आणला तेव्हा माईंनी हळूच विचारलं होतं, "कोण आजारी आहे?" त्यांनी मटकी भिजवली की आठ दिवस घरात मटकी उगवत राहते. फ्रिजमध्ये आइस्क्रीमचे डबे दिसतात आणि नातू आशेनं उघडतो, तर आत उसळ. एकदा पुण्याच्या नातीनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली होती. माईंनी नीट ऐकलं, आणि म्हणाल्या, "ते वरचे पॉइंट सात म्हणजे आमचा धाकटा. अजून त्याला मी पूर्ण धरत नाही."

हाक मारणं हाही एक प्रकार आहे. माईंची हाक थेट माणसावर कधी जात नाही, ती थोरल्यापासून निघते. "दाद्या... ताई... अण्ण्या... अगं..." असं करत सात थांबे घेत ती नातवापर्यंत येते. हल्ली वाटेत डोंबिवलीचा कुत्राही लागतो. नातू वैतागून म्हणतो, "आजी, माझं नाव मोत्यानंतर येतं?" माई म्हणतात, "तो तुझ्याआधी आला ना घरात."

मास्तर गेले आणि प्रश्न आला माईंनी राहायचं कुठं. दादा कराडातच, जुन्या घरात. ताई सांगलीला, अण्णा डोंबिवली, आक्का पुणे, बाळ्या चिंचवड, छकुली नाशिक, धाकटा बंगळूर. सातही जणांची मनं चांगली, फ्लॅट लहान आणि सुट्ट्या जुळत नाहीत. धाकट्यानं संगणकावर तक्ता केला. ३६५ भागिले सात. प्रत्येकाला बावन्न दिवस, बाकी एक. तक्ता मोठ्यानं वाचला गेला तेव्हा माई वाती वळत होत्या. आयुष्यभर बर्फ्या भागल्या, आता आपलीच बर्फी झाली, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं असणार, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "तो एक दिवस कुणाचा?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "माझ्याकडे राहू दे." "नको," माई म्हणाल्या, "तो मला असू दे."

तक्ता चार महिनेही चालला नाही. त्याला सुरुंग लावला एस.टी.नं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास फुकट झाला, आणि माईंच्या संसारात जी क्रांती सात बाळंतपणांनी झाली नव्हती ती झाली. तोवर मुलं न्यायला यायची आणि पोचवायला यायची. म्हणजे माई त्यांच्या सवडीनं फिरायच्या. आता एक कापडी पिशवी कायम भरलेली. दोन पातळं, गोळ्यांचा डबा, जपमाळ, तपकिरीची डबी आणि वरच्या कप्प्यात आधार कार्ड. मास्तरांच्या त्या १ जूननं शेवटी असे पांग फेडले. कंडक्टर कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडतो आणि माई ते जपून ठेवतात, हिशेब लागला तर असावा म्हणून. सुनेचा चेहरा जरा उतरलेला दिसला, किंवा लेकीच्या घरात मालिकेच्या वेळेवरून कुरबुर झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी माई स्टँडवर. ना राग, ना रुसवा. "नाशकाला जाऊन येते जरा, छकुलीच्या कैऱ्या उतरल्या असतील." बंगळूरला मात्र त्या फार जात नाहीत. "कागलच्या पुढं तिकीट पडतं."

आणि जिथं जातील तिथं त्या दुसऱ्याची स्तुती करतात. हे समजायला घरातल्यांना फार वर्षं लागली. डोंबिवलीत असताना दादाच्या बायकोच्या हाताची आमटी म्हणजे अमृत. कराडात असताना "अण्णाकडे बाई सकाळी सातला हातात चहा मिळतो." पुण्यात आक्काला ऐकायला मिळतं की ताई न सांगता पाय चेपून देते, आणि सांगलीला ताईला कळतं की आक्का बोलते गोड. सातही घरांत अशी ठाम समजूत होती की आपण सोडून बाकी सगळे आईचे लाडके. सुना एकमेकींवर धुसफुसायच्या, लेकी मनातल्या मनात कुढायच्या. शेवटी एका बारशाला तिघी सुना भांडी आवरताना एकत्र सापडल्या, त्यांनी आपापले हिशेब ताडून पाहिले आणि त्यांना जे कळलं त्यावर त्या हसत सुटल्या. माईंचं सगळ्यांत लाडकं मूल एकच, जे समोर नाही ते.

मला वाटतं, यात कावा असलाच तर तो फार जुना आहे. सात पोरांच्या आईला एकाचं तोंडावर कौतुक करणं परवडतच नाही. बाकीची सहा तिथंच उभी असतात. मग कौतुक नेहमी गैरहजर माणसाच्या खात्यावर जमा करायचं. कुणाचं काही जात नाही आणि हजर असलेली जरा धाकात राहतात.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मात्र सगळे हजर होते, पडद्यावर. सात चौकोन उघडले, माईंनी ते मोजले, दादांनी विषय मांडला, अण्णांनी मुंबईचे डॉक्टर सुचवले, आक्कानं आयुर्वेद, बाळ्यानं वजन, धाकट्यानं बंगळूरचं मोठं रुग्णालय. छकुली अर्धा तास तावातावानं बोलत होती, पण तिचा आवाज बंद होता. तासाभरानं विषय खरवडीवर आला आणि सभा उधळली. ऑपरेशन झालं नाही. माई शेजारणीनं दिलेलं तेल लावतात आणि एस.टी.च्या पायरीवर उजवा पाय आधी टाकतात.

मागल्या साली माईंचं सहस्रचंद्रदर्शन केलं. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. गुरुजींनी जन्मतिथी विचारली तेव्हा वाद झाला. १ जून धरायचा की श्रावण? माईंची हरकत वेगळीच. "सात बाळंतपणांत मला अंधाऱ्या खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. ते चंद्र मी पाहिलेले नाहीत. वजा करा." गुरुजी हसले आणि त्यांनी संकल्प सोडला.

सातही मुलं आली. सुना, जावई, नातवंडं, बंगळूरचा धाकटा रात्रभर गाडी चालवून. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. माईंनी सवयीनं डोकी मोजली, सात भरली, आणि त्या एकदम गप्प झाल्या. बायका येऊन पाया पडत होत्या, "भाग्यवान हो माई" म्हणत होत्या, माई नुसत्या मान हलवत होत्या. पाहुण्यांना वाटलं, गहिवर आला. सुनांना बरोबर कळलं की अडचण काय आहे. सगळेच समोर असताना बाईनं बोलायचं तरी कुणाबद्दल?

तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की धाकट्याच्या गाडीनं रस्ता अडलाय. धाकटा किल्ली घेऊन बाहेर गेला. तो दाराआड होताच माई गुरुजींकडे वळल्या. "पोर गुणाचं हो. बंगळूरहून आला रात्रभर. हे बाकीचे काय, जवळच असतात."

बाजूला तबक धरून उभ्या असलेल्या दादांनी ते ऐकलं. त्यांनी तबक बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी जरा त्याला गाडी लावायला जागा दाखवून येतो."